सही कापली, पत्र गेले

महोदय,

रविवारच्या पुरवणीत नेत्यांच्या स्वाक्षरीच्या पत्रांचा संग्रह करण्यावर आपण अर्धे पान दिलेत, त्याबद्दल आभार. या विषयाकडे सहसा कुणी वळत नाही. पण लेखासोबतचे तिसरे छायाचित्र पाहून गप्प बसवत नाही. गांधीजींच्या एका पोस्टकार्डाची खालची दोन बोटांची पट्टी कापून ती त्यांच्या छापील फोटोखाली चिकटवली आहे, वर सोनेरी चौकट. त्याखाली आपली ओळ : 'सही उठून दिसावी म्हणून केलेली कलात्मक मांडणी.' ही मांडणी नाही, नासधूस आहे. आपल्या पानाने ती आदर्श म्हणून वाचकांपुढे ठेवली, याचा राग आहे.

पट्टी कापताना पोस्टकार्डाच्या पत्त्याच्या बाजूचाही तेवढा भाग जातो आणि डिंक लावला की त्यावर जे काही उरले असेल तेही कायमचे झाकले जाते. मग उरते काय? 'बापूके आशीर्वाद' एवढे दोन शब्द. नकला करणाऱ्याला हेच सर्वांत सोपे. दोन शब्द गिरवून जमतात, पानभर मजकूर जमत नाही. त्यातही गांधीजी उजवा हात दुखू लागला की डाव्या हाताने लिहीत, आणि दोन्ही हातांचे अक्षर वेगळे दिसते. तेव्हा एका सहीशेजारी दुसरी सही ठेवून 'जुळते, म्हणजे खरी' हा लेखातील सल्ला इथे सपशेल फसतो. मजकूर चिटणिसाच्या हातचा आणि सही तेवढी स्वतःची, अशीही पत्रे असतात. ती खोटी नसतात. पण हे कळायला पत्र पूर्ण हवे.

खरे-खोटे ठरते ते सहीच्या बाहेर. माथ्यावर 'सेवाग्राम' आणि तारीख १९३७ ची असेल तर तिथेच थांबावे. गावाचे नाव तेव्हा सेगाव होते. शेगावच्या टपालाशी घोटाळा होत असल्याने ते १९४० मध्ये सेवाग्राम झाले. येरवड्याच्या तुरुंगातून आलेल्या पत्रावर तुरुंगाधिकाऱ्याच्या तपासणीची खूण आहे का, हे पाहावे. पोस्टकार्डावर सहाव्या जॉर्जचा मुखवटा छापलेला असेल, तर ते १९३७ च्या आधीचे असूच शकत नाही, कारण तो गादीवरच डिसेंबर १९३६ मध्ये आला. पत्रशीर्षावर पिनकोड असेल तर तो कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. १९४० च्या आधीचे म्हणून विकले जाणारे पत्र बॉलपेनने लिहिलेले असेल, तर पुढे काही बघायची गरज नाही. नोटा तपासायचा जांभळा दिवा दुकानदारांकडे असतो, त्याखाली कागद धरावा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची रसायने साधारण १९५० पासून वापरात आली. १९३० चे म्हणवणारे पत्र निळसर लखलखले, तर ते त्या काळचे नाही. उलट, लखलखले नाही म्हणून खरे असेही नाही. जुन्या वह्यांची कोरी पाने मिळतात आणि बनावट करणारे तीच वापरतात.

मग दहापट भिंगातून शाई पाहावी. टाकाची किंवा फाउंटन पेनची शाई वळणावर आणि रेघेच्या टोकाला साचते. छापील प्रतिकृतीत बारीक ठिपके दिसतात, रबरी शिक्क्याच्या सहीत शाई कडेला दबून बाहेर येते. सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे घडी. सही घडीवरून जात असेल आणि तिथे शाई तंतूंमध्ये फुटली असेल, तर कागदाची घडी आधी पडली आणि सही नंतर झाली. पत्र सही करून मग घडी घालतात, म्हणून इथे संशय घ्यावा. गांधीजींच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. त्यांच्या समग्र लेखनाच्या इंग्रजी शंभर खंडांत पत्राखाली ते मूळ पत्रावरून घेतले की छायाप्रतीवरून, हे दिलेले असते. मूळ एखाद्या संस्थेत असल्याची नोंद असेल, तर विकायला आलेला कागद एक तर प्रतिकृती आहे किंवा चोरीचा.

चोरीची लक्षणे कागदावरच असतात. डाव्या वरच्या कोपऱ्यात फाइलच्या दोरीचे भोक, रंगीत पेन्सिलीने घातलेला पान क्रमांक, आवक-जावकचा शिक्का. असे पत्र सरकारी दप्तरातून फाडलेले असू शकते. १९९३ चा केंद्राचा आणि २००५ चा महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा अशा कागदांसाठीच आहे. लेखात मात्र 'शिक्के असतील तर किंमत वाढते' एवढेच आहे. परदेशातील नातेवाइकांना अशी पत्रे भेट पाठवण्याची सूचना तर छापायलाच नको होती. ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित ७५ वर्षांचे झाले की ते १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही, नेल्यास किमान सहा महिने कैद आहे.

चौकटीतील 'जतन कसे कराल' हा मजकूर कोणी लिहिला माहीत नाही, पण त्यातील पहिलाच सल्ला लॅमिनेशनचा आहे. कृपया तो मागे घ्या. झेरॉक्सच्या दुकानातील लॅमिनेशनमध्ये शंभर अंशांच्या वर तापलेले चिकट प्लास्टिक कागदाच्या तंतूंत शिरते. ते पुन्हा निघत नाही. आतली आम्लता आतच राहते आणि कागद त्या वेष्टनात पिवळा, ठिसूळ होत जातो. अभिलेखागारातही लॅमिनेशन करत, असे कोणी म्हणेल. ती पद्धत निराळी होती. सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पापुद्रा आणि टिश्यू ॲसिटोनने बसवत, आणि ॲसिटोननेच ते सोडवता येई. आता तीही मागे पडली असून फाटलेल्या जागी जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात. घरी यातले काहीच करू नये. सेलोटेप तर अजिबात नको, त्याचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरावर उतरतो.

घरी करायचे ते इतकेच : दोन्ही बाजूंचे, कोरी बाजू धरून, ६०० डीपीआयने स्कॅन. पत्र आम्लमुक्त कागदाच्या घडीत किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, दोन कडा उघड्या ठेवून. पाकीट पीव्हीसीचे नसावे. लिफाफा फेकू नये, त्यावरचे तिकीट सोडवू नये. सपाट ठेवावे, लोखंडी कपाटात, बाहेरच्या भिंतीला टेकून नव्हे. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतील दमटपणा ७० टक्क्यांच्या वर गेला की बुरशी धरते, म्हणून डब्यात सिलिका जेल ठेवून ते वेळोवेळी सुकवावे. डांबरगोळ्या कागदाला लागू देऊ नयेत. भिंतीवर लावायचीच हौस असेल तर रंगीत प्रत लावावी. उजेडाने उडालेली शाई परत येत नाही, आणि जांभळी शाई तर फार लवकर उडते.

आणखी एक. पाचव्या छायाचित्राखाली 'जुन्या, न वाचता येणाऱ्या लिपीतील पत्र' असे छापले आहे. ती मोडी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती इथे व्यवहारात होती आणि आजही ती वाचणारे, शिकवणारे गावोगाव आहेत. मराठी वृत्तपत्राने तिला न वाचता येणारी म्हणावे, हे फार लागले. त्यातही चित्राचा वरचा भाग कापल्याने मायना आणि मिती दोन्ही गेली आहेत, त्यामुळे ज्याला वाचता येते त्यालाही पत्र कोणाचे कोणाला, ते कळत नाही. येत्या रविवारी ते पत्र चारही कडांसह, वाचता येईल एवढे मोठे छापावे आणि लॅमिनेशनचा सल्ला चुकीचा होता, हे त्याच पानावर तितक्याच ठळक चौकटीत सांगावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे