यंदाची छाटणी टोळीला द्या, बाबा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबांच्या उजव्या खांद्याची एमआरआयची फिल्म इथे पुण्यात एका हाडांच्या डॉक्टरांना दाखवली. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं तेच हेही म्हणाले. खांदा फिरवणाऱ्या चार स्नायूंपैकी वरच्याची, सुप्रास्पिनेटसची, शीर म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, हाडापासून सुटलीय. बहुतेकदा हीच फाटते. व्यायाम, गोळ्या सगळं करून झालं; आता दुर्बिणीतून ऑपरेशन करून घ्यावं असं माझंही मत झालंय.

आई, तू म्हणालीस, शिवलेलं परत सुटतं म्हणे. सुटतं, खोटं कशाला सांगू? ब्रिटनमध्ये पन्नाशीपुढच्या २७३ रुग्णांची चाचणी झाली, त्याचा निबंध २०१७ साली छापून आला. मोठा छेद घ्या नाहीतर दुर्बिणीतून करा, दोन वर्षांनी गुण सारखाच. दुखणं आणि रोजची कामं विचारून ४८ पैकी गुण देतात, त्यात २५-२६ गुणांवरचे खांदे ४१ च्या वर गेले. पण तपासणीत चाळीसएक टक्के लोकांची शिवण उसवलेली निघाली. नवल म्हणजे त्यांनाही आधीपेक्षा बरं होतं, फक्त शीर जुळलेल्यांइतकं नाही. म्हणजे बाबांना रात्री त्या कुशीवर झोप लागेल ही आशा धरायला हरकत नाही. खुंटीवरची टोपी काढताना डाव्या हाताने उजवं कोपर वर ढकलावं लागतं, तेही बहुधा थांबेल. जुनी ताकद मात्र सगळी येईलच असं नाही.

बाबा, छिद्रं बारीक असतात म्हणून हे किरकोळ समजू नका. आत शीर हाडात अँकर, म्हणजे बारीक खुंट्या, बसवून दोऱ्यांनी बांधलेली असते. डॉगरिज खुंटावर भरलेलं द्राक्षाचं कलम जीव धरेपर्यंत तुम्ही कुणाला पट्टी सोडू देता का? तसंच हे. चार ते सहा आठवडे पट्टा, झोपतानासुद्धा. जोराचे व्यायाम तीन महिन्यांनंतर, आणि पूर्ण सुधारायला सहा महिने ते वर्ष. दुखायचं थांबलं की तुम्ही कामाला हात घालणार, मला भीती तीच आहे.

तेव्हा ऑक्टोबर छाटणीला मांडवाखाली हात वर करून कात्री चालवायची नाही. छाटणी टोळीला द्या, फवारणी दादा बघेल. काडी किती डोळ्यांवर कापायची ते तुम्ही बांधावर उभं राहून सांगालच, त्याला कोण अडवणार!

तंबाखूची पुडी आजपासून बंद. निकोटीनने शीर जुळायला अडचण येते. साखरही आधी ताब्यात हवी, पहाटेचा गुळाचा चहा धरून.

आई, पुढून बटणं असलेले ढगळ शर्ट काढून ठेव, बंडी डोक्यातून घालता येणार नाही. सुरुवातीला आडवं झोपवत नाही, पाठीला उशा लावून टेकून बसावं लागतं. माळ्यावरची आरामखुर्ची दादाकडून उतरवून घे. तारीख मिळाली की फोन कर, मी थेट मिरजेला दवाखान्यात येते.

तुमची,
मनू