मनू, रूमवर एकटी राहू नको

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री "काही नाही वं आई, झोप तू" म्हणाली अन् फोन ठेवून दिला. सकाळी बाल्याकडून कळलं की तुझ्या साझ्यातल्या गावात एका कास्तकाराने जीव दिला अन् तलाठी म्हणून पंचनाम्याला तुलाच जावं लागलं. फोनवर माझा गळा भरतो अन् तू घाईत असते, म्हणून लिहिते. अंगणवाडीच्या रजिस्टरातलं पान आहे, मागच्या वजनाच्या नोंदींकडे पाहू नको.

एकच सांगायचं होतं, रूमवर एकटी राहू नको. ते झालं सांगून. आता दुसरं.

तुझ्या बाबांनीही तसंच केलं अन् आपल्या घरी तलाठी आला तेव्हा तू तिसरीत होती. पाण्याचा गडू तूच नेऊन दिला. माणूस वाईट नव्हता, आवाजही चढवला नाही त्याने. पण उभ्याउभ्याच विचारत होता, सातबारा कोणाच्या नावाने, कर्ज कोणत्या बँकेचं, वसुलीची नोटीस आली होती काय. सातबारा आबाजीच्या नावाने. कर्ज म्हणजे कृषी केंद्राची उधारी अन् हातउसने. म्हणून सरकारी मदतीचं प्रकरण अपात्र झालं. पात्र ठरलं असतं तर लाख रुपये, ३० हजार हातात अन् ७० हजार ठेवीत. २००६ मध्ये हाच आकडा होता अन् आजही हाच आहे, तुला तर पाठच असेल. त्याच पावसाळ्यात पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज मिळालं. शेजारी त्यातली गाय आली. चारा नव्हता, त्यांनी ती विकली. आपल्याकडे काही आलं नाही, पण पानठेल्यावर मात्र माझे पैसे मोजून झाले होते. तुझ्या मामाने गाडी घेतली तर म्हणे तीही त्यातलीच.

म्हणून म्हणते, त्या घरी गेली की आधी बस. कागद नंतर काढ. त्या बाईला तिच्या नावाने हाक मार. मला तेव्हा महिनाभर कोणी नावाने बोलावलं नाही. अन् पोरांच्या समोर कसं झालं, कुठे झालं विचारू नको, ते पोलिसांच्या कागदात असतेच. आपल्याकडे विचारत होते तेव्हा तू ज्वारीच्या कोठीमागे होती, हे मला किती उशिरा कळलं.

तेरवीनंतर पुन्हा जा. तोवर घर भरलेलं असते, मग सगळे आपापल्या गावी जातात अन् भासरे-दीर वावराचा धुरा सरकवायला लागतात. वारसाच्या फेरफाराची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते, मग हरकतीचे पंधरा दिवस असतात, हे तिला कोण सांगणार? तिला वाटते नवरा गेला म्हणजे शेत आपोआप नावावर येते. संजय गांधी निराधारचे १५०० तरी महिन्याला सुरू होतील असं पाहा. अर्ज तहसीलला द्यायचा असतो, पण पहिल्यांदा तहसीलची पायरी चढताना पाय कसे कापतात ते तुला...

हे पाहा, मी तलाठ्यालाच तलाठीपण शिकवायला बसली. अन् आता तर तुमचं नावही ग्राम महसूल अधिकारी झालं म्हणतात. तू परीक्षा देऊन लागली, मी बारावी नापास. राग मानू नको. तुझी ऑर्डर आली तेव्हा मी ती आबाजींच्या फोटोजवळ ठेवली होती, बाबांच्या नाही. काऊन, ते मला अजून सांगता येत नाही. पण शाळेतल्या बाईंना, दूधवाल्याला, बसच्या कंडक्टरलाही दाखवली.

कमळाबाई आठवते काय तुला? ती कधी समजूत घालायला आली नाही. सकाळी यायची, चहा मांडायची अन् म्हणायची, "चाल वं, वेचणीले." मला उठावंसं वाटत नव्हतं. तिनेच माझ्या कमरेला ओटी बांधली अन् ओढत नेलं. वेचणीचे पैसे किलोवर. माझा कापूस भरेना, तर तिने आपल्या गाठोड्यातला माझ्यात टाकला अन् काट्यावरच्या माणसाने पाहिलं तर त्याच्यावरच डोळे वटारले. बाकीच्या बाया बाबांचं विचारायच्या. कमळाबाई सांगायची, पुरतं न फुटलेलं बोंड तोडू नको, कवडी, म्हणजे खराब कापूस, येतो. त्या हंगामात मी पुन्हा पोटभर जेवायला लागली. पऱ्हाटी उपटेपर्यंत ती रोज येत होती. तुझ्या त्या गावातही कोणी कमळाबाई असेल, आशाताईंना विचार. सगळं तुझ्याच्याने होणार नाही अन् होऊही नये.

तुझे बाबा शेवटी शेवटी काही विचारलं की "काही नाही" म्हणत अन् जागलीच्या नावाने वावरातच झोपत. एकटे. काल तू अगदी तसंच म्हणाली, आवाजसुद्धा तोच. मी पुन्हा काढणार नव्हती हा विषय, पण निघालाच. ऑफिसात १४४१६ चा कागद तूच चिकटवला ना, मनाच्या त्रासासाठीच्या त्या टेलिमानस हेल्पलाइनचा? तो काय फक्त गावकऱ्यांसाठी आहे? तूही फोन लावू शकते, त्यात साहेबपणा कमी होत नाही.

१९ मार्चला मी दरवर्षीसारखा अन्नत्याग करीन. चिलगव्हाणचे कास्तकार साहेबराव करपे यांनी १९८६ मध्ये त्याच दिवशी बायकोपोरांसह जीव दिला, तेव्हा मी स्वतःच पोर होती, घरातले मोठे हळू आवाजात बोलायचे. तू सरकारी नोकरीत, तू करू नको. नाहीतर कर, तुझी मर्जी, पण त्या रात्री जेवून झोप.

बाल्या रविवारी येतो आहे. तुरीची डाळ पाठवते, नवी आहे, शिजायला वेळ लागत नाही. अन् सुमनमावशीची पोरगी कविता तिकडेच पतसंस्थेत लागली, तिला खोली पाहिजे आहे. मी तिला तुझा पत्ता देऊन बसली, ती सोमवारी सामान घेऊन येते. चिडली तर चिड, पण तिला परत पाठवू नको. ती घोरते, एवढं आधीच सांगून ठेवते.

तुझी,
आई