माडीवरची टेप आणि नातीचं गाणं

कोल्हापूर,
रविवार, रात्र

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबांच्या डोळ्यावरची पट्टी निघाली, पण अजून महिनाभर वाचायचं नाही असं ताईनं फोनवर सांगितलं. म्हणून आई, हे पत्र तू त्यांना वाचून दाखव. जिथं मी बाबांशी वाद घातलाय ते गाळू नकोस.

घरी सगळं ठीक. पाऊस थांबायचं नाव घेत नाही, पण आपल्या गल्लीत काळजीचं काही नाही. माडीच्या मागच्या भिंतीला ओल आलीय, ती दिवाळीआधी बघून घेतो.

बाबा, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा दुसऱ्या दिवशी चहा घेताना तुम्ही एवढंच म्हणालात, "माझ्या टेपा सगळ्या एकाच कपाटात आहेत." ते माझ्या डोक्यातनं गेलं नव्हतं. तुम्ही ताईकडं गेल्यापासून रोज रात्री जेवण झालं की एक कॅसेट लॅपटॉपवर उतरवून घेतोय. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात, तिथं घाई चालत नाही. काहींना पांढरी बुरशी धरली होती. एकीची पट्टी गुंतलेली, ती पेन्सिल घालून हळूहळू सरळ केली, तुम्ही करायचा तशी. आजवर एकतीस झाल्या.

खरखर नेमकी कुठं आहे ते कळावं म्हणून तुमच्या नातीचे हेडफोन मागून घेतले, कान पूर्ण झाकणारे, मोठे. परवा आपल्या माडीवरची 1986 ची बैठक लावली. बुवांनी बसंती केदार राग गायला होता ती. किती काय काय आहे हो त्या टेपेत! गल्लीतनं जाणारी रिक्षा, कपबश्या ठेवल्याचा आवाज, आईच्या बांगड्या, समेवर तुमचा "क्या बात है". आणि एक खोकला, तो माझा. मी तेरा वर्षांचा होतो, तुम्ही मला दंडाला धरून पहिल्या रांगेत बसवलं होतं. मला झोप येत होती. तुम्ही कानात म्हणालात, "ताना मोजू नकोस. श्वास कुठं घेतात ते बघ."

तेव्हा काही दिसलं नाही. परवा ऐकू आलं. समेकडं येताना तबल्याच्या बोलाआड बुवा इवलासा श्वास घेतात आणि पुढची एवढी लांब तान त्यावर पेलतात. एवढ्या वर्षांनी तुमचं बोट बरोबर त्या जागेवर पडलं बघा.

पहिली बाजू संपली. हेडफोन कानातच ठेवून कॅसेट उलटायला उठलो. ते हेडफोन नातीच्या मोबाईललाही जोडलेले असतात हे मला ठाऊक नव्हतं. तिनं खाली गाणं लावलं आणि ते माझ्या कानात सुरू झालं. संथ पियानो, आणि मग एका मुलीचा आवाज, इतका जवळ की मी मागं वळून पाहिलं. आधी श्वास, मागनं शब्द. ठेका नाहीच. ती कुठलाच स्वर दाबून धरत नाही, पुरता होण्याआधी सोडून देते, आणि सोडलेला स्वर मनात पुरा होतो. कॅसेट हातात धरून मी अख्खं गाणं उभ्यानं ऐकलं. शेवटी डोळे भरून आले. हे आई, तू बाबांना नक्की वाच.

खाली जाऊन विचारलं तर पोरगी घाबरली, मी ओरडायलाच आलोय असं तिला वाटलं. वाटणारच. दोन वर्षं मी तिला एकच ऐकवत आलोय, "हे काय कुजबुजणं? आवाज तरी काढा की." वाक्य माझं नव्हे, बाबा, तुमचं. मी कॉलेजात असताना माझी कॅसेट बंद करून तुम्ही म्हणाला होता, "माईक काढून घ्या, मग गा म्हणावं." तेव्हा मला लागलं होतं, आणि तेच मी माझ्या लेकीला करत होतो. त्या रात्री तिची माफी मागितली. मग आम्ही दोघं एक वाजेपर्यंत बसलो.

गाणारीचं नाव बिली आयलिश. अमेरिकेतली, 2001 चा जन्म, म्हणजे आपल्या थोरल्या भाच्याएवढी. मी ऐकलं ते गाणं बार्बी नावाच्या 2023 च्या सिनेमातलं, त्याला ऑस्कर मिळालं. पण तुम्हाला त्याचं काय! तुम्हाला सांगायचं ते हे, की तिची आणि तिच्या भावाची जोडी आहे. भाऊ फिनिअस चाली बांधतो, वाद्यमेळ करतो. 2019 चा त्यांचा पहिला मोठा अल्बम राहत्या घरात, त्या भावाच्या झोपायच्या छोट्या खोलीत रेकॉर्ड झाला. ही पलंगावर बसून गायली. आपल्या माडीपेक्षा ती खोली मोठी नसणार. त्यातल्या एका गाण्याच्या ठेक्यात ऑस्ट्रेलियातल्या रस्ता ओलांडायच्या सिग्नलची टिकटिक आहे, तिनं मोबाईलवर टिपलेली. आपल्या टेपेत रिक्षा आपसूक आली, त्यांनी रस्ता मुद्दाम गाण्यात घेतला. आणि गळा कच्चा नाही. आठव्या वर्षापासून ती लॉस एंजेलिसच्या मुलांच्या गायनवृंदात गायलीय. हळू गाते ती जमत नाही म्हणून नव्हे, ठरवून.

आता वाद. माईकवरचं गाणं ते गाणं नव्हे असं तुम्ही म्हणता. केशवराव नाट्यगृह पॅलेस थिएटर होतं त्या काळात शेवटच्या बाकापर्यंत आवाज फेकावा लागायचा, तेव्हा ते खरंच होतं. पण मग बाबूजी, आपले सुधीर फडके? आपल्या कोल्हापुरात 1919 साली जन्मलेला माणूस. 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, वर्षभरात छप्पन्न गाणी, आणि आजोबांच्या रेडिओपुढं गल्ली हात जोडून बसायची असं तुम्हीच सांगता. बाबूजींचा तो आवाज शेवटच्या बाकासाठी लावलेला नाही. समोर एकच माणूस बसलाय आणि त्याला सांगतोय, असा तो लगाव आहे. ते माईकनंच शक्य झालं. त्याला तुम्ही कधी कुजबुज म्हटलं नाही.

तीन मिनिटांत काय गाणं होतंय, हेही तुमचंच. बाबा, तबकडीच्या एका बाजूला तेवढीच जागा असायची. 1977 मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेलेली केसरबाई केरकरांची भैरवी साडेतीन मिनिटांची आहे. पेपरातलं ते कात्रण तुम्ही देव्हाऱ्याशेजारी लावलंत.

आणि खुद्द खाँसाहेब! आवाज गेला म्हणून अल्लादियाखाँ गप्प बसले असते तर तुमचं आवडतं जयपूर घराणंच झालं नसतं. जो आवाज परत आला त्याला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली. ती गायकी आपल्या गावात रुजली, देवल क्लबच्या बैठकांतनं तुमच्या कानापर्यंत आली. जसा आवाज, तसं गाणं, हे तुम्ही मला लहानपणापासून शिकवलंत. या मुलीच्या बाबतीत मी फक्त तेच लावून बघतोय.

सगळंच आवडलं असं मात्र नाही. नातीच्या यादीतली निम्मी गाणी मला एकाच साच्यातली वाटली. तोच ठेका, आणि आवाज यंत्रानं इतका सरळ केलेला की स्वराला हलायला जागा नाही. तिला तसं स्पष्ट सांगितलं. मग तिनं मला विचारलं, बुवांच्या टेपेत अर्धा तास एकच ओळ का आहे? मी तिला ती ऐकवली. तीही श्वासाचीच गोष्ट सांगून. तिनं डोळे मिटून वीस मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "आबांचं क्या बात है परत लाव."

शेजारचे काका शुक्रवारी महालक्ष्मीनं मुंबईला निघालेत. त्यांच्याबरोबर भडंग, कांदा-लसूण मसाला आणि तसेच नवे हेडफोन पाठवतोय. बसंती केदार आणि ते गाणं दोन्ही ताईच्या मोबाईलवर टाकलीत. सध्या डोळ्यांना काम नाही, तर कानांना देऊ. आधी बुवांना ऐका, मग तिला. खोलीतला पंखा बंद करून ऐका, आणि एकदा ऐकून ठरवू नका. दुसऱ्यांदा ऐकताना ती श्वास कुठं कुठं लपवते ते बघा आणि रविवारी फोनवर सांगा. मला दोन जागा सापडल्यात. नात म्हणते तीन आहेत.

तुमचा,
बाळ