आप्पा, तुम्ही माझ्या आकड्यावर काट मारली नाही

आदरणीय आप्पा,
शि. सा. नमस्कार.

प्रॅक्टिकलची परीक्षा परवा झाली, चांगली झाली. हे तुम्हाला फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर मला रडू आलं असतं आणि सांगायचं ते राहून गेलं असतं, म्हणून लिहिते आहे.

अमळनेरला आत्याकडे आले होते तेव्हा तिनेच मला तुमच्या ओसरीवर आणून बसवलं. "यांनी जन्मभर कॉलेजची लॅब सांभाळली, यांना दाखव," म्हणाली. मला जर्नल बाहेर काढायचीच लाज वाटत होती. त्या पानावर लाल पेनाच्या दोन काटा होत्या, दोन वेगवेगळ्या माणसांच्या. टँजंट गॅल्व्हानोमीटरचा प्रयोग, म्हणजे चुंबकसुईचा काटा किती वळतो त्यावरून विजेचा प्रवाह मोजायचा. तारेचे पन्नास वेढे, आठ सेंटिमीटर त्रिज्या, काटा 45 अंशांवर. काकांच्या जुन्या पुस्तकातल्या सूत्राने माझं उत्तर येत होतं 0.0097 अँपिअर आणि शेजारचा ॲमीटर, म्हणजे प्रवाह थेट दाखवणारा मीटर, दाखवत होता 0.1 च्या जरा अलीकडे. सहाच्या सहा रीडिंगांत असंच. पहिल्यांदा ऐकलं, "मीटर बिघडलाय, आकडे जमवून आण." दुसऱ्यांदा ऐकलं, "मनाने रीडिंग लिहितेस का?" तेही सगळ्या बॅचसमोर. त्या दिवशी पारोळ्यापर्यंत एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

तुम्ही चष्मा पुसला आणि पान वाचलं. नुसतं उत्तर नाही, पहिल्या ओळीपासून पूर्ण पान. पाच-सात मिनिटं तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मग खिशातून पेन्सिल काढून माझ्या 0.0097 भोवती हलकंसं वर्तुळ केलंत आणि म्हणालात, "बेटा, तुना आकडा बरोबर शे. फक्त नाव चुकनं." लाल काटेच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलंत: बरोबर. ॲबअँपिअर.

आप्पा, त्या एका "बरोबर"साठी हे पत्र आहे.

पुढचं सगळं तुम्ही गोष्ट सांगावी तसं सांगितलंत. ते पुस्तक सेंटिमीटर-ग्रॅमच्या काळातलं. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा आडवा घटक आपल्याकडे सुमारे 0.38 ओर्स्टेड (चुंबकक्षेत्राचं जुनं एकक) धरून त्या सूत्रात घातलं की प्रवाह येतो तो जुन्या विद्युतचुंबकीय एककात, ज्याला ॲबअँपिअर म्हणतात, बिओसुद्धा म्हणतात. रोजच्या कामाला ते एकक मोठं पडायचं, म्हणून त्याचा दहावा भाग घेतला आणि 1881 साली पॅरिसच्या परिषदेत त्याला अँपिअर हे नाव दिलं. म्हणजे माझा 0.0097 दहाने गुणायचा होता, बस. 0.097. ॲमीटर इतके दिवस तेच सांगत होता.

मी विचारलं, एकक मोठं तर भागायचं नाही का? तुम्ही हसला नाहीत. विचारलंत, "रुईचा भाव कशावर निघतो?" म्हटलं, खंडीवर. "आणि बाबा कापूस विकतात तो?" क्विंटलवर. "मग दोन खंडी रुई क्विंटलमध्ये सांग." खंडी 356 किलोची, म्हणजे सात क्विंटलच्या वर. "रुई वाढली का?" नाही आप्पा. माप लहान झालं, म्हणून आकडा वाढला. कापसाच्या घरात वाढलेल्या मुलीला हे इतक्या वर्षांत कोणी असं विचारलं नव्हतं.

मग तुमचाच पाय निघेना. स्टॅटअँपिअर सांगितलंत, प्रवाहाचं आणखी एक जुनं, फार बारीक एकक, एका अँपिअरमध्ये जवळपास 300 कोटी बसतात. एका ॲबअँपिअरमध्ये मात्र 2.998 गुणिले दहाचा दहावा घात, म्हणजे प्रकाश सेकंदाला जितके सेंटिमीटर जातो नेमका तोच आकडा. तो ऐकताना अंगावर काटा आला होता. आणि चांदी! 1908 च्या लंडन परिषदेने अँपिअर ठरवला तो चांदीवर: सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून सेकंदाला 1.118 मिलिग्रॅम चांदी बसवेल तो प्रवाह. तासाला चार ग्रॅम. तुम्ही आतल्या खोलीकडे बघून म्हणालात, "जळगावहून आणलेल्या हिच्या जोडव्यांवर पाणी चढवायला असाच करंट लागतो." काकू दारातच उभ्या होत्या, त्यांनी पदर सावरून पाय पुढे केला. 1948 मध्ये ती व्याख्या मागे पडली. तो चांदीचा अँपिअर आताच्या अँपिअरच्या 0.99985 पट भरतो, हेही तुम्हाला तोंडपाठ.

मला लाल काट मारणाऱ्या त्या दोघांचा राग आहे, तो लपवणार नाही. जुनी एककं त्यांना आठवली नाहीत, याबद्दल नाही. ती कोणीही विसरेल. पण सहा रीडिंगांत दर वेळी बरोबर दहापटीचाच फरक येतो आहे, हे पाहून एकालाही थांबावंसं वाटलं नाही. बिघडलेला मीटर इतका शिस्तीत बिघडत नाही, मनाने लिहिणारी मुलगी तर नाहीच नाही. पान वाचायला जी पाच मिनिटं लागतात, ती तुम्ही एका अनोळखी पोरीला दिलीत. लॅबमध्ये तुमच्या नावाची पाटी कधी लागली नसेल, पण दुसऱ्याचं काम आधी नीट वाचायचं आणि मग बोलायचं, हा भलेपणा मी पहिल्यांदा तुमच्या ओसरीवर पाहिला. आमच्या गावातही अशी माणसं आहेत. विहिरीची मोटर बिघडली की आधी कान लावून ऐकणारी, पाना नंतर हातात घेणारी. त्यांच्याकडे मी आता वेगळ्या नजरेने बघते.

परीक्षेत तोंडीला विचारलं, प्रवाहाची जुनी एककं सांग. मी सांगत सुटले. शेवटी परीक्षकांनीच "पुरे" म्हटलं.

जर्नल जमा करून परत मिळालं आहे. ते पान मी नव्याने लिहिलं नाही, लाल काटा आणि तुमची पेन्सिल दोन्ही तशीच आहेत. काकांच्या पुस्तकात मात्र त्या सूत्राखाली लिहून ठेवलंय: "उत्तर ॲबअँपिअरमध्ये येतं. अँपिअर हवं तर दहाने गुणा." ते पुस्तक आता काकांची धाकटी वापरणार आहे.

काकूंना नमस्कार सांगा. थंडी पडली की बाबा भरिताची वांगी घेऊन येतील, त्यांच्यासोबत मीही येते.

तुमची,
ओसरीवरची विद्यार्थिनी