वरच्या मजल्यावरच्या लेकीस, कॅबिनेटबद्दल

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

तोंडावर आभार मानले की "काय हो काका!" म्हणत तू जिना चढून जातेस, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

लग्नपत्रिकांचा हंगाम, सांगलीच्या विश्रामबागेतलं ऊन आणि पत्रिका अर्धी झाली की बंद पडणारा माझा कॉम्प्युटर. जो तो नवा घ्या म्हणत होता. तू फक्त बाजूचं झाकण काढून ठेवायला लावलंस आणि तापमान उतरलेलं स्क्रीनवर दाखवलंस. मशीन धडधाकट होतं, जुन्या कॅबिनेटला, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाहेरच्या पेटीला, वारा आत घ्यायला वाटच नव्हती.

दुकानात पुढे काच आणि रंगीत दिवे असलेलं कॅबिनेट स्वस्तात मिळत होतं. तू ते बाजूला सारून समोर जाळी असलेलं मागितलंस. माझा मदरबोर्ड (सगळे भाग जोडायची मुख्य पाटी) मायक्रो-एटीएक्स मापाचा, २४४ मिलिमीटरचा चौकोन, त्यामुळे मोठा टॉवर नकोच. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकची उंची तू घरूनच मोजून आणली होतीस. नाहीतर झाकण लागलं नसतं, हे मला कुणी सांगितलं असतं? पुढे १२० मिलिमीटरचे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा. बाहेर जाते त्याहून जास्त हवा आत आली, की ती फटींतून बाहेरच रेटते आणि सांगली-मिरज रस्त्याची धूळ फिल्टरवरच अडते. फिल्टर मी धुतो, पूर्ण वाळवूनच बसवतो.

पण मला खरं मोलाचं वाटतं ते वेगळंच. स्क्रू ड्रायव्हर तू माझ्याच हातात दिलास. आधी वायरींचे फोटो काढायला लावलेस, मागची पोर्टांची पट्टी बोर्डाच्या आधी दाबून बसवायला सांगितलीस. बोर्डाला भोक नाही तिथला पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड उचलून धरणारा छोटा खुंट, काढायला लावलास, कारण तो बोर्डाखालच्या सोल्डरच्या टाक्यांना टेकला तर शॉर्ट होतो. पॉवर बटणाची वायर उलटसुलट चालते, दिव्याची मात्र प्लस-मायनस बघूनच लावायची, हे आता मी दुसऱ्याला सांगू शकतो. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये परीक्षा चालू असताना तू एवढा वेळ दिलास.

आता तुझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट माझ्याकडे दे. मांडणी, छपाई, बांधणी मी करतो. पैशाचा विषय काढायचा नाही.

तुझे,
तळमजल्यावरचे काका