एकाच लयीत तीन तऱ्हा

नागोया

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या बँडला एकाच गाण्यात डिस्को, पंक आणि हिप-हॉप आणायचंय, असं आईने फोनवर सांगितलं. मग 'चाय' हा जपानी बँड ऐकाच. इथल्याच, नागोयाच्या चौघीजणी. माना आणि काना या जुळ्या बहिणी कीबोर्ड आणि गिटारवर, युकी बेस गिटारवर, युना ड्रम्सवर. बँड मार्च 2024 मध्ये थांबला, पण 'पिंक' (2017), 'पंक' (2019), 'विंक' (2021) आणि 'चाय' (2023) हे चार अल्बम आहेत.

आधी 'सायोनारा कॉम्प्लेक्स' ऐक आणि लगेच 'एन.ई.ओ.' लाव. पहिलं डुलत जाणारं. दुसरं दणदणीत, आणि त्यात बारीक डोळ्यांचं, चपट्या नाकाचं मनापासून कौतुक! दोन्हींत फक्त बेस आणि ड्रम्सकडे कान दे. या बँडचा आनंद तिथून वर येतो, म्हणून तो खरा वाटतो.

आता तुमच्या गाण्याचं. टेम्पो 100, म्हणजे मिनिटाला 100 मात्रा धरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा; बदलायची ती फक्त स्नेअरची, म्हणजे कडक वाजणाऱ्या छोट्या ड्रमची जागा. डिस्कोसाठी किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) चारही मात्रांवर, स्नेअर दुसऱ्या-चौथ्यावर, आणि दोन मात्रांच्या मधोमध उघडा हाय-हॅट (झांजांची जोडी). पंकसाठी किक मात्रेवर, स्नेअर प्रत्येक मात्रेच्या मध्यावर. ऐकणाऱ्याला लय दुप्पट, म्हणजे 200 ची वाटते. हिप-हॉपला स्नेअर फक्त तिसऱ्या मात्रेवर, की तेच गाणं संथ होतं. टेम्पो 120 घेतलात तर पंक 240 वर जाईल आणि शब्द तोंडात अडकतील.

बिघडतं ते बहुतेक जोडावर, म्हणजे एका तऱ्हेतून दुसरीत जाताना. पंक आला की ड्रमर जोशात पळतो, मग परत डिस्कोत येताना सगळे ओढल्यासारखे वाजवतात. म्हणून ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे मात्रा मोजणारी टिकटिक हवीच. आधी नुसते जोडच बसवा: चार आवर्तनं डिस्को, चार पंक, पुन्हा डिस्को, बाकी वाद्यं बंद. जोडावर बेसची ओळ बदलू नका. ती तशीच चालू राहिली की तऱ्हा बदलली तरी गाणं तुटत नाही. डिस्कोत बेसचा स्वर वाजवून लगेच बोटाने दाबायचा. तो लांबला की किक ऐकूच येत नाही.

कीबोर्डवाल्याचा डावा हात बंद, कारण तिथे बेस आहे. गिटार वरच्या तीन तारांवर, कमी डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे आवाज फार खरखरीत न करता. ओरडायच्या ओळी सगळ्यांनी एकाच स्वरात म्हणा, वेगवेगळ्या स्वरांत गाणं नंतर. जुळ्या बहिणींचे आवाज एकमेकींत मिसळतात, तसे तुमचे आपोआप मिसळणार नाहीत. शब्द कुठे तोडायचा ते आधी ठरवा.

'विंक' मात्र सगळ्यात शेवटी ऐका. तो महासाथीच्या काळातला, एकमेकींना कल्पना दुरून पाठवत केलेला, आणि बराच मवाळ. घरी लॅपटॉपवर बीट बांधणाऱ्याला त्यातून खूप मिळेल.

तालमीचं रेकॉर्डिंग पाठव. मोबाइल ड्रम्सजवळ ठेवू नकोस, आवाज फाटतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, छातीच्या उंचीवर ठेव.

आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
ताई