गाडी वरून चकचकीत, चासीत मात्र चिखल

महोदय,

पावसाळा लागला की थार, जिम्नी, गुरखा अशा गाड्या घेऊन सह्याद्रीच्या आडवाटांना जाणाऱ्यांची गर्दी वाढते. परतल्यावर गाडी वॉशिंग सेंटरला जाते, फोम मारून झळाळते आणि खालचा चिखल जागच्या जागी राहतो. या गाड्या गंजून अकाली खराब होतात त्या बहुतेक याच सवयीमुळे, म्हणून हे पत्र.

नुसते पाणी ओघळते, वाळते. चिखल मात्र ओल धरून ठेवतो. वरून भेगाळलेला, कोरडा दिसला तरी लोखंडाला चिकटलेला थर कित्येक दिवस दमट असतो, आणि त्यातल्या बारीक खड्यांनी रंग आधीच खरवडलेला असतो. कोकणच्या दमट हवेत हे आणखी वेगाने होते. खारे पाणी किंवा किनाऱ्याची वाळू लागली असेल, तर धुणे त्याच दिवशी व्हायला हवे, कारण मीठ हवेतला ओलावा ओढून घेत राहते.

चिखल साठतो तो नजरेआड. मडगार्डच्या प्लॅस्टिक अस्तरामागे, इंधनाच्या टाकीच्या संरक्षक पत्र्यावर, बॉडी आणि चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) यांच्या मधल्या माउंटिंगपाशी, मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) फटींत, कॉइल स्प्रिंगच्या खालच्या वाटीत, साइड स्टेपच्या ब्रॅकेटमागे. सगळ्यात वाईट जागा म्हणजे चासीची पोकळ लांब पट्टी. तिला ठिकठिकाणी भोके असतात. त्यांतून चिखल आत जातो, पाणी निघायची भोके बुजवतो आणि चासी आतून खायला सुरुवात होते. बाहेरचा रंग तेव्हाही शाबूत असतो.

धुवायचे ते चिखल ओला असतानाच, पण इंजिन, सायलेन्सर आणि ब्रेक डिस्क थंड झाल्यावर. चिखल वाळला असेल तर खरवडू नका. बागेला पाणी घालायचा स्प्रिंकलर गाडीखाली ठेवून दहा-पंधरा मिनिटे पुढे, तेवढीच मागे भिजवा. मग साधा पाइप चासीच्या पुढच्या भोकात घालून मागच्या भोकातून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा. इथे घाई करू नये, सुरुवातीला स्वच्छ आलेले पाणी थोड्या वेळाने पुन्हा गढूळ होते. दारांखालची भोके प्लॅस्टिकच्या काडीने मोकळी करा.

प्रेशर वॉशर त्यानंतर, रुंद फवाऱ्याचे नोझल लावून आणि फूटभर अंतर राखून. ऑइल सील, बेअरिंग, स्टिअरिंगचे रबरी बूट, वायरिंगचे सॉकेट आणि अल्टरनेटर यांवर थेट मारा नको, पाणी आत शिरले की नवीच दुखणी सुरू होतात. रेडिएटर इंजिनच्या बाजूने पुढे, हलक्या पाण्यानेच धुवावा, जोराच्या माऱ्याने त्याच्या पातळ पात्या दुमडतात. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल राहिला तर वेग वाढताच स्टिअरिंग थरथरते, आणि लोक विनाकारण अलाइनमेंट करत बसतात. कपड्याची पावडर वापरू नका, गाडीचा शाम्पू पुरेसा आहे.

मग दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवून ब्रेक हलके दाबत सुकवा. रात्री हँडब्रेक न ओढता गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना दगड लावून ठेवा, नाहीतर ओले ब्रेक लायनर ड्रमला चिकटतात. बंद, कोंदट गॅरेजपेक्षा हवेशीर शेड बरी. गालिचा ओला असेल तर तो उचलून वाळवा, कारण फ्लोअरचा पत्रा वरूनही गंजतो.

रंग उडालेला दिसला तर तारेचा ब्रश, ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर, थिनरचा हात, रस्ट कन्व्हर्टर (गंज थोपवणारे रसायन), मग झिंक प्रायमर आणि रंग, या क्रमाने काम करावे. चासीच्या पोकळीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (गंजरोधक मेण) मारायचे, तेही मे महिन्यात, सगळे कोरडे असताना. गंजावरच डांबरी कोटिंग फासून घेणे हा पैसे देऊन केलेला तोटा आहे. कोटिंगला तडा जातो, मागे पाणी थांबते आणि गंज दिसेनासा होतो. शंका आली तर चासी हातोडीने हलके ठोकून पाहा. खणखणीत ऐवजी बद्द आवाज आला, की तिथे पत्रा पातळ झालेला असू शकतो.

वॉशिंग सेंटरचालकांना विनंती, की खालून डिझेल किंवा जळके ऑइल फवारणे बंद करावे. त्याने रबरी बुश फुगून खराब होतात, वर धूळ चिकटते, ब्रेकवर उडाले तर जिवाशी खेळ होतो आणि उरलेले सारे गटारातून ओढ्यात जाते. गाडी रॅम्पवर चढवून, चासीच्या आतून धुण्याचा वेगळा दर लावावा. अर्धा तास लागणाऱ्या या कामाचे पैसे द्यायला गाडीमालकांनीही कुरकुर करू नये.

– गॅरेज व्यावसायिक, सिंधुदुर्ग